गेम सोडण्याआधी पीसी मूळपदावर आणा

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची निराशा इतर गेमच्या निराशेहून जास्त लागते. एकट्याने खेळायचा गेम आवडला नाही तर बंद करून विसरता येतो. इथे मात्र महिनोन्‌महिने खपून एक पात्र वाढवलेलं असतं, गिल्डमध्ये ओळखी झालेल्या असतात, रात्री ठरलेल्या वेळी बाकीचे आपली वाट बघत असतात. अशात ऐन रेडमध्ये स्क्रीन गोठते, गेम बंद पडतो आणि पुन्हा लॉगिन करेपर्यंत सगळा गट गारद झालेला असतो. दोन-चार वेळा असं झालं की सोबती बोलवेनासे होतात आणि आपणही ‘या गेममध्ये काही दम नाही’ म्हणून मोकळे होतो.

हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. ज्यांच्या पीसीतला प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं आहे, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलं जातं आहे, त्यांनी तर असा निकाल देताना फारच जपायला हवं. गेमचे दोष वेगळे, यंत्राचे दोष वेगळे. पण पडद्यावर दोन्ही बरेचदा सारखेच दिसतात. तराजूच खोटा असेल तर मालाचं वजन कसं कळणार? म्हणून सल्ला एवढाच: आधी पीसी मूळपदावर आणा, तो आठवडाभर बिनतक्रार चालतो याची खात्री करा आणि मगच गेमचा निवाडा करा. हे कसं करायचं ते क्रमाने पाहू.

दोष कोणाचा?

हा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनाही पडतो. २००५ साली ‘गिल्ड वॉर्स’ हा गेम आला. तो बनवणाऱ्या अरीनानेट या अमेरिकी कंपनीकडे खेळाडूंच्या पीसीवरून क्रॅशचे अहवाल यायचे आणि त्यांतल्या काहींचा उलगडाच होत नसे. कोड पुन्हा पुन्हा वाचला तरी तशी चूक होण्याची शक्यता दिसत नव्हती. तेव्हा कंपनीचे एक संस्थापक माइक ओब्रायन यांनी गेमच्या आतच एक छोटी चाचणी बसवली. गेम चालू असताना पीसीने काही गणितं करायची आणि आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ती ताडून पाहायची. हे दर सेकंदाला तीस ते पन्नास वेळा. धडधाकट पीसीवर ही चाचणी कधीच चुकायला नको. प्रत्यक्षात खेळाडूंच्या सुमारे एक टक्का पीसींवर ती चुकली. कंपनीचे दुसरे संस्थापक पॅट्रिक वायट यांनी ही हकीकत पुढे लिहून ठेवली आहे. त्यांनी दिलेली कारणंही ओळखीचीच आहेत: ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, रॅमची चुकीची सेटिंग, अपुरी वीज देणारा एसएमपीएस आणि अति तापमान.

२००५ सालीच मायक्रोसॉफ्टमधले ज्येष्ठ प्रोग्रामर रेमंड चेन यांनीही असाच अनुभव नोंदवला. विंडोजच्या क्रॅश अहवालांत काही असे होते, जिथे प्रोसेसर एका अगदी साध्या, कधीच न चुकणाऱ्या सूचनेवर कोलमडला होता. शोध घेतल्यावर ओव्हरक्लॉक केलेले पीसी सापडले. त्यातली चिंतेची गोष्ट म्हणजे काही मालकांना आपला पीसी ओव्हरक्लॉक आहे हे ठाऊकच नव्हतं. दुकानदाराने तो तसाच करून विकला होता.

यातून आपण घ्यायचा बोध सरळ आहे. कारण न कळणारे क्रॅश होत असतील तर पहिला संशय यंत्रावर घ्यावा, कारण यंत्र आपल्या हातात आहे आणि ते तपासायला पैसे लागत नाहीत.

वेग वाढवल्यावर आत काय होतं?

प्रोसेसर जास्त वेगाने चालवायचा तर त्याला बहुधा जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. चिप खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेजही १० टक्के वाढवलं तर वीज सुमारे ३३ टक्के जास्त लागते. ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. चिप तापली की तिला स्थिर राहायला आणखी व्होल्टेज हवं असतं आणि व्होल्टेज वाढवलं की ती आणखी तापते. या चक्रात कुठेतरी एखादं गणित चुकतं. चुकलेला आकडा बिनमहत्त्वाचा असेल तर काहीच दिसत नाही. महत्त्वाचा असेल तर गेम बंद पडतो.

एके काळी हा धोका पत्करण्यात अर्थ होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर अनेकांनी ४५० मेगाहर्ट्‌झवर चालवला; म्हणजे तब्बल ५० टक्के फायदा. ओव्हरक्लॉकिंगचा दबदबा त्या काळातला आहे. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तापमान व वीज पाहून स्वतःच आपला वेग मर्यादेच्या जवळ नेतात. त्यावर हाताने वाढवून मिळणारा फायदा बहुधा एक आकडी टक्क्यांतच राहतो.

रोल-प्लेइंग गेममध्ये तर तो आणखी कमी जाणवतो. तिथे फ्रेमरेट कोसळतो तो गजबजलेल्या शहरात किंवा मोठ्या लढाईत. शेकडो पात्रांचा हिशोब ठेवताना प्रोसेसरच्या एक-दोन कोअरवर सगळा भार येतो आणि महागडं ग्राफिक्स कार्ड बसून राहतं. अशा ठिकाणी प्रोसेसर पाच टक्क्यांनी पळवण्यापेक्षा गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन एका वेळी किती पात्रं दाखवायची ती संख्या कमी केली तर फरक लगेच दिसतो. ‘गिल्ड वॉर्स २’ आणि ‘फायनल फँटसी १४’ या दोन्हींत ही सोय आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘मी दहा मिनिटांची बेंचमार्क चाचणी केली, पीसी पास झाला, म्हणजे ओव्हरक्लॉक स्थिर आहे’ असं अनेकजण मानतात. बेंचमार्कमध्ये भार एकसारखा असतो. ऑनलाइन गेममध्ये आपण चार-चार तास बसतो, आणि भार सतत वर-खाली होतो: ओसाड जंगल, मग लोडिंग स्क्रीन, मग गजबजलेला चौक. भार हलका झाला की प्रोसेसर आपला सर्वात मोठा वेग गाठतो, आणि भार एकदम वाढला की व्होल्टेज क्षणभर खाली जातं. कच्चा ओव्हरक्लॉक नेमका अशा चढउतारात उघडा पडतो.

तुमचा पीसी नकळत ओव्हरक्लॉक आहे का?

‘मी काही केलेलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनीही एवढ्या गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट रॅम. पाकिटावर ‘६००० मेगाहर्ट्‌झ’ छापलेली डीडीआर५ रॅम विकत घेतली तरी ती आपोआप त्या वेगाने चालत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू करावं लागतं, आणि प्रोसेसर कंपन्यांच्या लेखी ते ओव्हरक्लॉकिंगच असतं. पीसी असेंबल करून देणारे बरेच दुकानदार ते चालू करूनच देतात. बहुतेकांचं ते व्यवस्थित चालतं; पण क्रॅश होत असतील तर संशयितांच्या यादीत ते वरच्या क्रमांकावर ठेवा. २०२३ साली एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं पुढे आली, तेव्हा एक्स्पो चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रमाणाबाहेर व्होल्टेज देत असल्याचं दिसलं. त्यानंतर ते व्होल्टेज (बायोसमध्ये ‘एसओसी व्होल्टेज’) १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित करणारे बायोस आले.

दुसरी गोष्ट मदरबोर्ड. आपला बोर्ड दुसऱ्यापेक्षा वेगवान दिसावा म्हणून काही बोर्डांवर वीजमर्यादा मुळातच सैल सोडलेली असते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत याचा मोठा घोळ झाला. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत. खरा बिघाड प्रोसेसरमध्ये असे. इंटेलने २०२४ मध्ये मूळ कारण जाहीर केलं: प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने हळूहळू त्याची झीज होत होती. त्यावर मायक्रोकोडच्या सुधारणा आल्या आणि ठरावीक मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. हे लक्षात ठेवा की नवा बायोस पुढची झीज थांबवतो, झालेली झीज भरून काढत नाही. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल, बायोस अद्ययावत करूनही क्रॅश थांबत नसतील, तर वॉरंटीत तो बदलून मागा.

तिसरी गोष्ट ग्राफिक्स कार्ड. नावापुढे ‘ओसी’ लिहिलेलं असेल तर ते कारखान्यातूनच वाढीव वेगाने आलेलं आहे. ते सहसा तपासलेलं असतं. पण त्यावर आणखी आपण वाढवलेला वेग हा आपल्या जबाबदारीचा.

लक्षणांवरून अंदाज

गेम कोणताही संदेश न देता बंद होऊन डेस्कटॉप दिसू लागला, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी, तर रॅम किंवा प्रोसेसरवर संशय घ्या. नेमक्या एकाच जागी, एकाच क्वेस्टमध्ये सगळ्यांचाच गेम बंद पडत असेल तर दोष गेमचा.

पडद्यावर रंगीत ठिपके, फाटलेले आकार, किंवा क्षणभर काळोख होऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर’चा संदेश आला, तर ग्राफिक्स कार्ड पाहा.

निळी स्क्रीन आली आणि तिच्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘डब्ल्यूएचईए’ ही अक्षरं दिसली, तर हार्डवेअरची शक्यता मोठी. विंडोजमधलं ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडलं की कोणत्या दिवशी काय कोसळलं ते तारखेनुसार दिसतं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी असतील तर प्रोसेसर स्वतःच आपली चूक कबूल करतो आहे असं समजा.

पीसी एकदम बंद झाला, जणू कोणी प्लग काढला, तर एसएमपीएस, तापमान किंवा घरातली वीज.

पात्र पुढे जाऊन पुन्हा मागे ओढलं जातं, मारलेला वार उशिरा लागतो, पण चित्र गुळगुळीत चालू आहे, तर तो नेटवर्कचा किंवा सर्व्हरचा प्रश्न. त्यासाठी बायोसला हात लावू नका.

मूळपदावर आणण्याचा क्रम

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही.

१. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या; बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. स्टोरेजची सेटिंग कोणत्या मोडवर आहे तेही टिपून ठेवा, कारण ती बदलली गेली तर विंडोज सुरूच होत नाही.

२. बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ निवडा. त्यानंतर प्रोसेसरची वीजमर्यादा कंपनीच्या शिफारशीप्रमाणे आहे ना, ते पाहा. एक्सएमपी किंवा एक्स्पो सध्या बंदच राहू द्या. ग्राफिक्स कार्डाचं ओव्हरक्लॉकिंग करणारं सॉफ्टवेअर असेल तर त्यातली सेटिंग मूळ मूल्यांवर आणा आणि विंडोजबरोबर ते आपोआप सुरू होणं थांबवा.

३. रॅम तपासा. मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. इथे एक चूकही चालत नाही. शंभरातल्या नव्याण्णव चाचण्या पास झालेली रॅम म्हणजे नापास रॅम.

४. प्रोसेसरवर ओसीसीटी किंवा प्राइम९५ तासभर चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहत राहा. इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसला आणि रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतात. गेम खेळतानाच तिथवर पोहोचत असाल तर हीट सिंक, थर्मल पेस्ट आणि पंखे पाहायला हवेत.

५. सगळं स्थिर आहे असं दिसल्यावरच गेमच्या फाइली दुरुस्त करा. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. अस्थिर रॅमवर उतरवलेल्या अपडेटच्या फाइली आधीच खराब झालेल्या असू शकतात, आणि अस्थिर रॅमवरच दुरुस्ती केली तर पुन्हा खराब होतात. स्टीमवर फाइलींची पडताळणी करण्याची आणि बॅटलनेटवर ‘स्कॅन अँड रिपेअर’ची सोय आहे.

६. आठवडाभर नेहमीसारखं खेळा. क्रॅश थांबले तर एक्सएमपी किंवा एक्स्पो पुन्हा चालू करून आणखी एक आठवडा पाहा. पुन्हा क्रॅश झाले तर रॅमचा वेग एक पायरी खाली आणा आणि तिथेच समाधान माना.

मूळपदावर आणूनही चाचण्यांत चुका निघत असतील तर एखादा भाग खरोखर बिघडलेला असण्याची शक्यता मोठी. वॉरंटीचा दावा करताना ‘मूळ सेटिंगवर, अमुक चाचणीत, अमुक चूक’ असे फोटो दाखवा. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही, म्हणूनही ही तपासणी मूळ सेटिंगवर करणं तुमच्याच हिताचं. नव्या मालाबाबत दुकानदार किंवा सेवा केंद्र दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की गावातल्या दुकानात, पीसी असेंबल करून घेताना एक प्रश्न आवर्जून विचारा: ‘यात काय काय वाढवून दिलं आहे?’ उत्तर बिलावर लिहून घ्या.

आपला उन्हाळा, आपली वीज

ओव्हरक्लॉकिंगचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या लोकांनी दिलेले असतात. पंखा कितीही चांगला असला तरी तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवरून ४२ अंशांवर गेली की आतले भागही साधारण तेवढ्याच अंशांनी जास्त तापतात. डिसेंबरात पक्का वाटलेला ओव्हरक्लॉक नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात टिकत नाही, यात नवल काही नाही. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी पीसीची परीक्षा उन्हाळ्याच्या दुपारीच घ्यावी.

कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. पंख्यांवरची आणि जाळीवरची धूळ दर दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने काढा. काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. कोकणात आणि गोव्यात दमट हवेमुळे रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो. पीसी बंद करून, प्लग काढून रॅम एकदा काढून नीट बसवली तर कधीकधी तेवढ्यानेही क्रॅश थांबतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हा प्रश्न गेमचा उरत नाही, जिवाचा होतो. वीज सतत कमी-जास्त होणाऱ्या भागात चांगला यूपीएस घ्या आणि त्याचे वॅट पीसीच्या गरजेला पुरतात ना ते पाहा. एसएमपीएसमध्ये बचत करू नका. प्रोसेसर, कार्ड, रॅम सगळं त्याच्या जिवावर चालतं.

फ्रेमरेटला लगाम

मूळपदावर आलेल्या पीसीलाही एक गोष्ट करा: फ्रेमरेट मर्यादित ठेवा. २०२१ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या ऑनलाइन गेमची बीटा चाचणी चालू असताना काही खेळाडूंची आरटीएक्स ३०९० ही महागडी कार्डं निकामी झाली. गेमच्या मेन्यूमध्ये फ्रेमरेटवर मर्यादा नव्हती. साधं चित्र दाखवायला कार्ड जीव तोडून पळत होतं. ॲमेझॉनने मेन्यूला मर्यादा घातली. कार्ड बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये दोष असल्याचं सांगितलं. धडधाकट कार्ड केवळ गेममुळे जळत नाही. पण कच्चा दुवा असलेलं कार्ड अशा ताणात तुटतं.

तुमचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर फ्रेमरेट ६० वर, १४४ हर्ट्‌झचा असेल तर त्याच्या आसपास थांबवा. शक्य असेल तर कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून पाहा. फ्रेमरेट थोडाच घटतो. उष्णता, पंख्याचा आवाज आणि विजेचं बिल मात्र चांगलंच उतरतं. तासन्‌तास खेळायच्या गेमसाठी हेच खरं ट्यूनिंग.

आता गेमचा निवाडा

पीसी स्थिर झाला. आठवडा गेला. तरीही गेममध्ये मन रमत नाही. आता ही निराशा गेमची आहे असं खात्रीने म्हणता येतं, आणि तिची कारणं वेगवेगळी करून पाहता येतात.

अंतर हे पहिलं कारण. अनेक मोठ्या रोल-प्लेइंग गेमचे सर्व्हर भारतात नाहीत. मुंबईहून मध्य युरोप सरळ रेषेत साधारण ६,५०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन निदान ६५ मिलिसेकंद लागणारच. केबलचा वळसा आणि मधली यंत्रणा धरली तर पिंग त्याच्या दुप्पटही दिसतो. हे कोणत्याही ओव्हरक्लॉकने कमी होत नाही. गेम निवडतानाच आपल्याला कोणता सर्व्हर जवळचा ते पाहा, वायफायऐवजी लॅन केबल वापरा आणि अशा गेममध्ये क्षणाक्षणाला अचूक वार करावे लागणारी भूमिका टाळा.

दुसरं कारण सुरुवातीची गर्दी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ‘फायनल फँटसी १४’चा ‘एंडवॉकर’ हा विस्तार आला तेव्हा लॉगिनच्या रांगा इतक्या वाढल्या की स्क्वेअर एनिक्स कंपनीने काही आठवडे गेमची विक्रीच थांबवली आणि सदस्यांना खेळायचे दिवस मोफत वाढवून दिले. नव्या गेमला किंवा नव्या विस्ताराला पहिल्या महिन्यात नापास करू नका. थोडं थांबून घ्या, गेमही सुधारलेला मिळतो.

खराब सुरुवात नेहमीच शेवट ठरते असं नाही. हाच ‘फायनल फँटसी १४’ २०१० साली आला तेव्हा साफ फसला होता. कंपनीने नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली, २०१२ मध्ये जुना गेम बंद केला आणि २०१३ मध्ये तो जवळजवळ नव्याने बांधून आणला. पुढे तो जगातल्या आघाडीच्या ऑनलाइन गेममध्ये गणला गेला. उलट बाजूही आहे. ‘न्यू वर्ल्ड’ने २०२१ मध्ये स्टीमवर एकाच वेळी नऊ लाखांहून अधिक खेळाडू पाहिले, पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲमेझॉनने त्यात नवी भर घालणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ‘वाइल्डस्टार’ २०१४ मध्ये आला आणि २०१८ मध्ये बंद झाला. पात्र कितीही कष्टाने वाढवलेलं असो, सर्व्हर कंपनीचा आहे हे मनाशी पक्कं ठेवूनच पैसा आणि वेळ घाला.

तिसरं कारण माणसं. या प्रकारच्या गेमचा अर्धा आनंद सोबतीत असतो. गिल्ड ओसाड पडली असेल, शिवराळ असेल किंवा तुमच्या झोपेच्या वेळी रेड ठेवत असेल, तर गेम सोडण्याआधी गिल्ड बदला. भारतीय वेळेत खेळणारे गट शोधले तर सापडतात. भूमिका बदलूनही पाहा. वार करण्याचा कंटाळा आलेला माणूस हीलर म्हणून पुन्हा रमू शकतो. पीसीची अडचण चालू असताना रेडच्या म्होरक्याला आधीच सांगा आणि काही दिवस राखीव खेळाडू म्हणून बसा. अडचण सांगून टाकलेल्या माणसावर कोणी चिडत नाही.

चौथं कारण पैसा. जिंकायला पैसेच मोजावे लागतात, रोज लॉगिन केलं नाही तर बक्षीस बुडतं, मर्यादित वेळेच्या वस्तूंचा मारा चालू असतो. हे गेमच्या रचनेतलंच असेल तर ते सुधारण्याची वाट बघू नका. आतापर्यंत घातलेले पैसे हे पुढे खेळत राहण्याचं कारण होऊ शकत नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा गेम आज माझ्याकडे नसता, तर आज मी तो सुरू केला असता का?

सोडायचं ठरलं तर

नीट सोडा. गिल्डमधल्या माणसांना सांगा, सामायिक तिजोरीतल्या वस्तू परत करा. पात्र रागाने पुसून टाकू नका. गेम काढून टाकला तरी ते सहसा सर्व्हरवर राहतं. खातं विकण्याच्या फंदात मुळीच पडू नका; बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि त्यात फसवणूकही खूप होते.

गेम डिलीट केल्याने वर्गणी थांबत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. कार्डावरून आपोआप पैसे जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निदान २४ तास आधी सूचना येते. ती दुर्लक्षू नका. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या ॲपमध्येच तो रद्द करता येतो. स्टीमवर घेतलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. दोन तासांत असा गेम कळत नाही, म्हणून मोफत चाचणी असलेले गेम आधी घ्या. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ विसाव्या लेव्हलपर्यंत आणि ‘फायनल फँटसी १४’ सत्तराव्या लेव्हलपर्यंत मोफत खेळता येतो, तोही दिवसांच्या मर्यादेशिवाय.

आणि रागाच्या भरात नवं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. गेम कंटाळवाणा असेल तर तो जास्त फ्रेमरेटवरही कंटाळवाणाच राहतो, आणि पीसी अस्थिर असेल तर नवं कार्डही त्याच अस्थिर पीसीत बसतं.

वेग वाढवून जे दोन-चार टक्के मिळतात, त्यांच्यासाठी मित्रांसोबतच्या संध्याकाळी पणाला लावू नयेत. आज बायोस मूळपदावर आणा, एक आठवडा खेळा, वहीत नोंद ठेवा. त्यानंतर गेम ठेवलात तरी तो नीट चालणाऱ्या यंत्रावर ठेवाल, आणि सोडलात तरी तो त्याच्याच दोषांसाठी सोडाल.